वाळूला एकदाच जेवण घालून भागत नाही

(हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना आलेले अडखळे आणि समुद्राचा आवाज काढून टाकलाय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. घाईत असाल तर थेट २०:३०च्या पुढचं वाचा, पण मग 'असं का' हे मला विचारू नका.)

००:०० – बिघडलेला चहा

आजचा भाग मातीवर आहे. खरं सांगायचं तर माती नसण्यावर आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या घरचा चहा बिघडला. आईने पावडर बदलली, दूध बदललं, तरी तीच मचूळ चव. मग डाळ शिजेना. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी दाणा टणक. बाबांनी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि काही न बोलता मोटरचा स्विच बंद करून आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचं कारण मी होतो, निदान एक कारण तरी.

आमचं घर देवबागला. मालवणहून तारकर्ली, आणि तारकर्लीच्या पुढे देवबाग. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावर माड, घरं आणि विहिरी. मी बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. वर्क फ्रॉम होम मिळालं म्हणून फेब्रुवारीत घरी आलो आणि ठरवलं, परसात भाजी लावायची. टोमॅटो, मिरची, भेंडी, पालक. दहा फूट बाय चार फुटांचे चार वाफे.

माझी पद्धत इंजिनियरची. प्रॉब्लेम काय, तर जमीन रेताड. सोल्युशन काय, तर कंपोस्ट. ऑनलाइन पोती मागवली, वाळूत खोल कालवली, वर पाइपने पाणी. पहिला महिना काय सुंदर हिरवं दिसलं, स्टेटसला फोटो गेले. मार्च संपता संपता पानं पिवळी पडायला लागली. मी पाणी वाढवलं. अजून पिवळी पडली. मग युरिया टाकला. अजून पाणी. शेवटी रोज तासभर मोटर.

आजी ओट्यावर बसून बघायची. एकदा फक्त एवढंच म्हणाली, "झिला, रेवेत पाणी रवणा नाय."

मला वाटलं, हे तर मलाही माहितीये. पण मला ते माहीत नव्हतं. मी फक्त ऐकलेलं होतं. आजचा भाग या दोन गोष्टींमधल्या फरकावर आहे.

०३:४० – वाळू म्हणजे नक्की काय

मातीचे कण तीन आकारांचे. सगळ्यात मोठी वाळू, ०.०५ ते २ मिलिमीटर. मग पोयटा. आणि सगळ्यात बारीक चिकणमाती, ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान. तुम्ही म्हणाल, आकाराने काय फरक पडतो? सगळा फरक आकारानेच पडतो.

कारण पाणी आणि खत कणाच्या पृष्ठभागाला चिकटून राहतं. एक ग्रॅम मध्यम वाळू घ्या, तिच्या सगळ्या कणांचा पृष्ठभाग सोलून पसरला असं समजा. तो साधारण तुमच्या मोबाईलच्या स्क्रीनएवढा भरेल. आता विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीत जी फुगणारी चिकणमाती असते, ती एक ग्रॅम घ्या. तिचा पृष्ठभाग काही शे चौरस मीटर, म्हणजे टेनिस कोर्टापेक्षा मोठा. एका ग्रॅमचा!

दुसरी गोष्ट विजेची. चिकणमातीच्या आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांच्या कणांवर ऋण भार असतो. अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांच्यावर धन भार. म्हणून ते तिथे चिकटून बसतात आणि मुळं त्यांना हळूहळू उचलतात. वाळूवर असा भार जवळजवळ नसतोच. आपल्या भाषेत सांगायचं तर वाळूत कॅश मेमरी नाही. जे येतं ते पुढे पाठवलं जातं, साठवलं काहीच जात नाही.

म्हणजे वाळू वाईट आहे का? नाही. तिच्यात हवा भरपूर खेळते, मुळं सहज पसरतात, पाऊस थांबला की तासाभरात चिखलाशिवाय चालता येतं. रताळं, भुईमूग, कलिंगड यांना तर हीच जमीन आवडते. वाळूला फक्त काही धरून ठेवता येत नाही.

०७:१५ – तीन टेस्ट, खर्च शून्य

काहीही विकत आणायच्या आधी या तीन गोष्टी करा.

पहिली, बाटली. काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची बाटली एक तृतीयांश मातीने भरा, वर पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू एका मिनिटात तळाशी बसते, पोयटा काही तासांत, चिकणमातीला एक दिवस किंवा जास्त लागतो. मग थर मोजा. माझ्या बाटलीत एका मिनिटानंतर वरचं पाणी जवळजवळ स्वच्छ होतं. म्हणजे वाळूशिवाय काही नव्हतंच.

दुसरी, खड्डा. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते जिरू द्या. पुन्हा भरा आणि आता पातळी किती वेगाने उतरते ते मोजा. रेताड जमिनीत पाणी तासाला ३० मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने जिरतं, चिकणमातीत तासाला १ ते ५. माझ्याकडे मी फोनवर स्टॉपवॉच सुरू करेपर्यंत खड्डा अर्धा रिकामा.

तिसरी टेस्ट समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी. चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला, बुडबुडे आले, तर त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा आहे, म्हणजे चुना. अशी जमीन अल्कधर्मी असते. तिच्यात लोह असलं तरी झाडाला मिळत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. आठवलं? माझी पिवळी पानं! त्यातली निम्मी तक्रार पाण्याची नव्हतीच, आणि मी तिच्यावर औषध म्हणून पाणी ओतत होतो. अशा जमिनीत चुलीची राखसुद्धा टाकू नका, ती आणखी अल्कधर्मी असते.

१०:५० – पाण्याचा हिशेब

आता थोडं गणित, घाबरू नका. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एवढंच लक्षात ठेवायचं.

रेताड जमिनीचा वरचा एक फूट झाडाला उपयोगी पडेल असं पाणी किती धरतो? साधारण २० मिलिमीटर, निव्वळ पुळणीत त्याहूनही कमी. माझा एक वाफा ४० चौरस फूट, म्हणजे ३.७ चौरस मीटर. गुणिले २० केलं की आले ७४ लिटर. चार वाफ्यांचे मिळून धरा ३०० लिटर. ही त्या जमिनीची टाकी. तिच्यात याहून जास्त मावतच नाही.

मे महिन्यात झाडं आणि ऊन मिळून दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी खर्च करतात. म्हणजे एका वाफ्याला रोज वीसेक लिटर, चौघांना ८०.

आणि मी काय करत होतो? पाइपमधून मिनिटाला १५ लिटर, तासभर. ९०० लिटर! टाकी पूर्ण रिकामी असती तरी ६०० लिटर मुळांच्या खाली निघून गेले असते. प्रत्यक्षात ८०० गेले.

इथे हुशार श्रोता विचारेल, वाळूतून झिरपलेलं पाणी परत विहिरीतच गेलं ना? मग नुकसान काय?

नुकसान दोन. समुद्रकाठी जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं पाणी थोडं जड. पुस्तकी हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असेल तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी. हाच हिशेब उलटाही चालतो. विहिरीतून सलग उपसा केला, पातळी थोडी खाली गेली, की खालचं खारं पाणी विहिरीच्या बुडाशी वर चढायला लागतं. रोज दहा मिनिटं उपसा आणि रोज सलग एक तास उपसा या वेगळ्या गोष्टी आहेत. आमची विहीर काही एकट्या माझ्यामुळे मचूळ झाली नाही. मे महिना होता, आजूबाजूला खोल्या भरलेल्या, सगळ्यांच्या मोटरी चालू. पण त्यात माझा वाटा होता, आणि तोही पाणी उगाच खालीवर फिरवण्यासाठी.

दुसरं नुकसान जास्त गंभीर आहे. त्याच्याकडे येतोच, आधी कंपोस्टचं काय झालं ते बघू.

१४:३० – कंपोस्ट गेलं कुठे?

जूनमध्ये मी एक वाफा खणला. फेब्रुवारीत घातलेलं काळं काळं कंपोस्ट कुठेच नाही. जणू कुणी चोरून नेलं.

चोर सापडला, सूक्ष्मजीव. ते सेंद्रिय पदार्थ खातात, ते त्यांचं कामच. पण तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचा खाण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. ओलावा आणि हवा मिळाली की आणखी जोर. रेताड, गरम, रोज भिजवलेली जमीन म्हणजे त्यांच्यासाठी चोवीस तास चालू असलेली खानावळ. चिकणमातीत सेंद्रिय पदार्थ बारीक कणांना चिकटून थोडे सुरक्षित राहतात. वाळूत त्यांना लपायला जागाच नाही. थंड देशातल्या यूट्यूबरने वर्षाला एकदा कंपोस्ट घातलं तर त्याला पुरतं. आपल्याला नाही पुरत.

अजून एक गैरसमज. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं, की थोडं कंपोस्ट घाला आणि जमीन स्पंज होईल. २०१८मध्ये बुदिमान मिनास्नी आणि अॅलेक्स मॅकब्रॅटनी या सिडनी विद्यापीठातल्या मृदाशास्त्रज्ञांनी जगभरातल्या ५० हजारांहून अधिक नोंदी एकत्र करून तपासल्या. सेंद्रिय कर्ब वजनाने एक टक्क्याने वाढला, तर दर १०० मिलिमीटर मातीत झाडाला मिळणारं पाणी सरासरी फक्त १.१६ मिलिमीटरने वाढतं. वाळूत हा फायदा जरा जास्त, पण फार नाही.

हे माझ्या वाफ्यावर लावा. एका फुटात साधारण साडेतीन मिलिमीटर जास्त. मे महिन्यातल्या अर्ध्यापाऊण दिवसाचं पाणी! आणि एक टक्का कर्ब वाढवणं हेच केवढं मोठं काम.

मग कंपोस्ट घालायचंच नाही का? घालायचं, नक्की घालायचं. पण ते खत धरून ठेवायला आणि जमीन जिवंत ठेवायला. पाणी वाचवायचं काम दुसऱ्या गोष्टी करतात, सावली आणि आच्छादन. उघड्या वाळूचा पृष्ठभाग भर दुपारी ५० अंशांच्या वर सहज जातो, अनवाणी चालून बघा. त्या वाळूवर दोन-तीन इंच पालापाचोळा असला की ऊन थेट लागत नाही, पाणी उडत नाही, आणि खालचे सूक्ष्मजीवही जरा सावकाश जेवतात.

१८:१० – युरिया आणि विहीर

युरियात ४६ टक्के नत्र. जमिनीत त्याचं आधी अमोनियम होतं, मग नायट्रेट. नायट्रेटवर ऋण भार, म्हणजे ते चिकणमातीलाही फारसं चिकटत नाही, वाळूचा तर प्रश्नच नाही. पाणी जिथे जाईल तिथे ते जातं.

आता आमच्या परसाचा नकाशा डोळ्यासमोर आणा. वाफे, आणि तिथून वीस पावलांवर पिण्याची विहीर. मी रोज ८०० लिटर पाणी मुळांच्या खाली ढकलत होतो, मधूनमधून युरिया टाकून. ते पाणी जात कुठे होतं?

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं भारतीय मानक सांगतं. जास्त नायट्रेट सगळ्यात धोक्याचं तान्ह्या बाळांना, कारण त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते. त्या महिन्यात ताई तिच्या पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरी येणार होती. हे गणित मांडलं त्या दिवशी मी उरलेला युरिया उचलून ठेवून दिला आणि पाणी तपासायला दिलं. नायट्रेट मर्यादेच्या आत निघालं. सुटलो, पण नशिबाने सुटलो.

तुमच्याकडे वाळू असेल आणि जवळ विहीर असेल, तर रासायनिक खत एका वेळी मूठभर टाकू नका. टाकायचंच असेल तर चिमटी चिमटीने, आणि त्यावर पाण्याचा पूर आणू नका.

२०:३० – मग करायचं काय, क्रमाने

एक, वाफा खोलगट करा. परदेशी व्हिडिओंत उंच वाफे दिसतात, ते थंड आणि पाणी साचणाऱ्या जमिनीसाठी. गरम हवेत, वाळूत, उंच वाफा बाजूंनीही सुकतो. उन्हाळ्यासाठी वाफा जमिनीपेक्षा तीन-चार इंच खाली ठेवा, जसं माडाला आळं करतो तसं. पावसाळ्यात मात्र सखल जागी पाणी वर येतं, तेव्हा वरंबे करा.

दोन, थोडी चिकणमाती मिसळा. कंपोस्ट संपून जातं, चिकणमाती राहते. दक्षिण ऑस्ट्रेलियातले शेतकरी पाणी न शोषणाऱ्या वाळूच्या शेतांत मुद्दाम चिकणमाती आणून पसरतात. आपल्याला परसापुरतीच हवी. दहा बाय चारच्या वाफ्याला पाच-सहा घमेली चिकट माती पुरते. कुठून आणायची? गोड्या पाण्याच्या तळ्याचा गाळ, मालकाला विचारून भाताच्या खाचरातली माती, किंवा जांभ्याची लाल माती. शिंपल्यांच्या वाळूला लाल माती खास चांगली, कारण ती आम्लधर्मी आणि लोहाने भरलेली. खाडीचा गाळ मात्र चुकूनही नको, त्यात मीठ असतं. माती उन्हात सुकवा, ढेकळं फोडा, चाळा आणि वरच्या सहा इंचांत नीट कालवा. थर म्हणून पसरू नका. मी एका वाफ्यात थर दिला होता, पाणी त्या थरावर अडलं आणि मिरची कुजली.

तीन, पहिलं कंपोस्ट किंवा जुनं शेणखत दोन इंच. एका वाफ्याला साधारण १९० लिटर, म्हणजे दहा-बारा घमेली. तेही वरच्या सहा इंचांतच कालवा, दोन फूट खोल पुरून मुळांना काही मिळत नाही. यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी अर्धा इंच, वरूनच. हे सबस्क्रिप्शन आहे, एकदा पैसे भरून संपत नाही. लाइफटाइम प्लॅन मिळत नाही.

चार, आच्छादन. आमच्याकडे याचं दुकान अंगणातच आहे. सुक्या झावळ्या तोडून, पातेरा, पेंढा. कुंपणाला गिरिपुष्प लावा. ते भराभर वाढतं, छाटलं की पुन्हा फुटतं, आणि त्याच्या पाल्यात नत्र चांगलं. छाटायचा आणि वाफ्यावर पसरायचा. खोडापासून चार बोटं जागा सोडा, नाहीतर खोड कुजतं.

पाच, नारळाची सोडणं. ही आपल्या किनाऱ्याची जुनी युक्ती. माडाभोवती चर खणून सोडणं पोटाकडची बाजू वर ठेवून थरांनी पुरायची. ती पाणी पिऊन बसतात आणि पाच ते सात वर्षं काम करतात. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेचीही हीच शिफारस आहे. भाजीच्या वाफ्याखाली एक थर दिला तरी चालतो, फक्त ती आधी पावसात भिजलेली, जुनी असू द्या.

सहा, पाणी थोडं आणि वारंवार. सकाळी एकदा, कडक उन्हात रोपं लहान असतील तर संध्याकाळीही. पूर्ण सुकलेली वाळू कधीकधी पाणी आतच घेत नाही, थेंब मोत्यासारखे घरंगळतात. तेव्हा आधी थोडं शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं द्या. ठिबक लावणार असाल तर ड्रिपर फूटभर किंवा त्याहून जवळ हवेत, कारण वाळूत पाणी आडवं पसरत नाही, सरळ खाली उतरतं.

सात, पहिल्या वर्षी हट्ट सोडा. टोमॅटो आणि पालक नंतर. आधी चवळी, गवार, लाल माठ, रताळं, कडेला शेवगा. पावसाच्या सुरुवातीला एका वाफ्यात ताग पेरा आणि फुलावर आला की कापून तिथेच गाडा.

आणि सावलीला घाबरू नका. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, अगदी समुद्राला लागून. तिथली 'लाखी बाग' प्रसिद्ध आहे. माडांच्या सावलीत जायफळ, दालचिनी, काळी मिरी. वर माडाची छत्री, खाली पाला. आपल्या परसात तीच कल्पना छोट्या आकारात चालते. माझी मिरची यंदा माडाच्या अर्ध्या सावलीत आहे आणि मजेत आहे.

२६:४० – तुमचे प्रश्न

*"कोकोपीट घातलं तर?"* चालेल, पण धुऊन. सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर कोकोपीटमध्ये मीठ असतं. वीट फुगवा, पाणी पिळून टाका, असं दोन-तीनदा करा. आणि त्यात अन्न जवळजवळ नसतं, म्हणून कंपोस्टच्या ऐवजी नाही, कंपोस्टच्या जोडीला.

*"कोळसा, म्हणजे बायोचार?"* छान गोष्ट. कंपोस्टसारखा तो संपत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. अॅमेझॉनच्या खोऱ्यातली काळी सुपीक माती शतकांपूर्वीच्या लोकांनी घातलेल्या कोळशाने काळी आहे. करवंट्यांचा कोळसा बारीक करा, पण कोरडा टाकू नका, तो जमिनीतलं अन्नच शोषून घेतो. दोन आठवडे शेणपाण्यात किंवा ओल्या कंपोस्टमध्ये मुरवा. आणि तोही अल्कधर्मी असतो, त्यामुळे व्हिनेगरने फेस आला असेल तर अगदी थोडा.

*"झाड उपटलं तर मुळांना गाठी दिसल्या."* सूत्रकृमी. वाळूत यांचा त्रास जास्त होतो, खासकरून टोमॅटो, वांगी, भेंडीला. त्या वाफ्यात एक हंगाम झेंडू लावा, लागवडीच्या वेळी निंबोळी पेंड घाला, आणि तेच पीक पुन्हा तिथे घेऊ नका. चवळी, गवार, ताग यांच्या मुळांवरच्या गाठी मात्र मित्र आहेत. त्या हाताने सहज सुटतात आणि आतून गुलाबी असतात.

*"मी शारजात आहे, इथे हे चालेल का?"* तत्त्व तेच, वेळापत्रक वेगळं. भाजीचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. भर उन्हाळ्यात जमीन झाकून ठेवा आणि स्वतः एसीत बसा. तुमच्याकडे वाळूत चिकणमातीचं पातळ पाणी मुरवण्याचाही प्रयोग झालाय. डेझर्ट कंट्रोल या नॉर्वेच्या कंपनीने २०२०मध्ये दुबईत त्यावर कलिंगडं पिकवली होती. बघा, शेवटी तेही चिकणमातीकडेच आले.

३०:२० – आजीचं अळू

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

आमच्या परसात एक कोपरा माझ्या वाफ्यांच्या आधीपासून हिरवा आहे, न्हाणीच्या मागे. तिथे आजीचं अळू आणि दोन केळी. तीच पुळण, तेच ऊन. तिथे कधी ऑनलाइन पोती आली नाहीत. मग मी बघायला लागलो की ती तिथे काय करते.

सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी. दुपारी मासे धुतलेलं पाणी आणि भाजीची देठं. संध्याकाळी अंगण झाडून निघालेला पातेरा. आठवड्यातून एखादं घमेलं शेण. एका वेळी कधीच फार नाही, आणि एक दिवसही चुकत नाही. जी गोष्ट मी पोत्यांनी एकदाच मिटवायला निघालो होतो, ती तिने कधी मिटवायची म्हणून धरलीच नव्हती. घरातल्या माणसाला जेवायला वाढावं तसं ती त्या वाळूला वाढत होती.

मी तिला विचारलं, "आजी, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तू इचारलंस खंय?"

यंदा चारातले दोनच वाफे ठेवलेत. मोटर दिवसाला दहा मिनिटं. टोमॅटो अजून रुसलेलाच आहे, पण चवळी इतकी झाली की शेजारी वाटली. तळ्याचा गाळ दोनदा आणला, पातेरा रोज पडतो. मी पुण्याला असलो की बाबा घालतात. गेल्या रविवारी घरी होतो. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. आईने चहा दिला, मी पहिला घोट घेऊन थांबलो. बाबा माझ्याकडे बघत होते.

गोड लागला. अजून एक कप घेतला.

तुमच्या बाटलीत वाळू किती आणि चिकणमाती किती, त्याचा फोटो पाठवा. आणि घरात कुणाचा तरी असा एखादा हिरवा कोपरा असेल, तर त्यांना विचारा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!